कंपनीचे गुपित आणि माणसाचा खासगीपणा

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, या विधानात आता नवलाचे काही उरलेले नाही. तिला स्वतःच्या नावाने जमीन घेता येते, करार करता येतात, कर्ज काढता येते, न्यायालयात दावा लावता येतो आणि तिच्यावर दावा लावताही येतो. तिचे संचालक बदलले, भागधारक निवर्तले किंवा शेअर विकून मोकळे झाले, तरी ती तीच राहते. इंग्लंडमध्ये १८९६ साली सालोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी आणि तिच्यामागची माणसे कायद्याने वेगळी असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि भारतातील कंपनी कायदाही त्याच पायावर उभा आहे. मराठी वाचकाला तर माणूस नसलेली व्यक्ती मुळीच अनोळखी नाही, कारण देवस्थान जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचेच नाव असते आणि देवाच्या वतीने वहिवाटदार दावे लढवत आलेले आहेत. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: एखाद्याला व्यक्ती म्हटले की माणसाचे सगळे हक्क त्याला आपोआप लागू होतात का, आणि विशेषतः खासगीपणाचा हक्क, म्हणजे आपल्याविषयी कोणी काय जाणावे, आपल्या घरात कोणी डोकवावे हे ठरवण्याचा हक्क, कंपनीला माणसाइतकाच असतो का?

देवाच्याच बाबतीत हा प्रश्न २०१८ च्या शबरीमला खटल्यात निघाला होता. अय्यप्पाचे नैष्ठिक ब्रह्मचर्य जपणे हा खुद्द देवतेचा घटनात्मक हक्क आहे, असा युक्तिवाद तेथे झाला, आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात तो अमान्य केला. एखाद्या कायद्याने व्यवहाराच्या सोयीसाठी मूर्तीला व्यक्ती मानले, एवढ्यावरून राज्यघटनेतील मूलभूत हक्क तिला प्राप्त होत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कंपनीचा विचार करताना हे उत्तर जवळ ठेवणे उपयोगाचे आहे, कारण माणसाचा खासगीपणा आणि कंपनीची गोपनीयता एकाच तागडीत घातली की नुकसान माणसाचे होते, आणि ते दोन्ही बाजूंनी होते: कंपनीला हक्क नाकारण्याच्या ओघात माणसालाही तो नाकारला जातो, आणि कंपनीला तो बहाल केला की इतर माणसांचा जाणून घेण्याचा हक्क आकसतो. यातील पहिली गोष्ट भारतात घडून गेली आहे, आणि दुसरी घडता घडता थांबली आहे.

त्याआधी कंपनीकडे लपवण्याजोगे नेमके काय असते, हे पाहिले पाहिजे. खासगीपणाच्या आधुनिक कायद्याचा आरंभ बहुधा १८९० साली हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बॉस्टनमधील दोन वकिलांनी लिहिलेल्या लेखापासून सांगितला जातो. छायाचित्रे आणि चटकदार बातम्या यांमुळे माणसाच्या मनाला जी इजा होते, तिला कायद्याने इजा मानावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे मुळात हा हक्क संकोच, लाज, जवळीक, आजारपण, श्रद्धा अशा गोष्टींभोवती उभा राहिला, आणि या गोष्टी केवळ मन आणि शरीर असलेल्यालाच असू शकतात. कंपनीपाशी यांतले काही नसते. तिच्यापाशी असतात ती उत्पादनाची सूत्रे, ग्राहकांच्या याद्या, निविदेत भरायचा दर, येऊ घातलेल्या सौद्यांची कागदपत्रे. आणि या सगळ्याला मोल असते ते बाजारात. ते फुटले तर कंपनीचा तोटा होतो, तिचा अपमान होत नाही. म्हणून अशा माहितीचे संरक्षण कायदा मालमत्ता, करार आणि विश्वासभंग यांच्या नियमांखाली करतो. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी न्यायालये याच मार्गाने ती जपत आली आहेत, आणि मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारसही केली.

याच्या उलट बाजूला मर्यादित दायित्वाचे तत्त्व आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याने शेअरमध्ये घातलेल्या रकमेपुरतेच होते आणि धनकोला त्याच्या घरादाराला हात लावता येत नाही. कंपनीच्या देण्यांना जबाबदार न राहण्याची ही सवलत समाजाने दिली आहे आणि तिच्या मोबदल्यात कंपनीने आपला कारभार उघडा ठेवायचा असतो. ताळेबंद, नफातोटा पत्रक, संचालकांची नावे, कर्जावरील तारण हे सारे कंपनी निबंधकाकडे दाखल होते आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येते. भागधारकांची नोंदवहीसुद्धा बाहेरच्या माणसाला पाहता येते, मात्र तिच्यातील पत्ता, ईमेल आणि पॅन क्रमांक आता दाखवले जात नाहीत. कायद्याने पडदा कुठे ओढला आहे, हे या तपशिलातून नीट दिसते. एखाद्या शेतकऱ्याने किंवा शिक्षकाने आपला वर्षाचा जमाखर्च तालुक्याला वाचायला ठेवावा, असे कोणी म्हणणार नाही. कंपनीने तसे केले नाही तर तिला दंड होतो.

स्वतंत्र भारतात कंपन्यांच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न अगदी आरंभीच निघाला आणि त्याची सुरुवात सोलापुरातून झाली. सोलापूरकर जिला ‘जुनी मिल’ म्हणतात त्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीने १९४९ साली गिरणी बंद केली, कापडाचा तुटवडा आणि कामगारांची बेकारी अशी कारणे देऊन सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकुमाने तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. डिसेंबर १९५० मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. परंतु हक्काच्या शब्दांवरून किंवा स्वरूपावरून तो फक्त माणसासाठीच आहे असे दिसत नसेल, तर मूलभूत हक्क कंपनीलाही मागता येतात, हे न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी त्याच निकालात नोंदवले. पुढे १९६०च्या दशकात न्यायालयाने कंपनी ही नागरिक नाही असे ठरवले, त्यामुळे भाषणस्वातंत्र्यासारखे अनुच्छेद १९ मधील हक्क तिच्या हाती थेट लागले नाहीत. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्याने आणि त्यानंतर वृत्तपत्रांच्या खटल्याने भागधारकांच्या आडून ते मिळवण्याची वाट मोकळी केली. समानतेचा अनुच्छेद १४ मात्र ‘कोणत्याही व्यक्ती’साठी असल्याने तो कंपनीला सहज मिळतो. खासगीपणा ज्या अनुच्छेद २१ मध्ये पुढे सापडला, तोही ‘कोणत्याही व्यक्ती’चाच आहे, पण त्याचा विषय आहे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य. न्या. मुखर्जींच्या कसोटीवर घासून पाहिले तर या हक्काचे स्वरूपच कंपनीला बाहेर ठेवते.

दुर्दैव असे, की खासगीपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पहिल्यांदा आला तेव्हा तो एखाद्या माणसाच्या घरातून आलेलाच नव्हता. दालमिया जैन एअरवेज ही कंपनी १९५२ मध्ये अवसायनात निघाली, सरकारी चौकशीत गैरव्यवहार आणि खोट्या हिशेबांचे आरोप पुढे आले, गुन्हा नोंदला गेला आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटांवर ३४ ठिकाणी झडत्या होऊन वह्या, कागदपत्रे जप्त झाली. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या अनुच्छेद २० मधील हमीचा या झडत्यांनी भंग होतो, असा आक्षेप होता. एम. पी. शर्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात आठ न्यायाधीशांनी १५ मार्च १९५४ रोजी तो आक्षेप फेटाळला. हिशेबात घोटाळे केल्याचा आरोप असलेल्या कंपनीच्या वह्या तपासयंत्रणेने पाहू नयेत, असे न्यायालयाने म्हटले नाही यात वावगे काही नव्हते. पण निकालाच्या ओघात त्याने आणखी एक वाक्य लिहिले: अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत झडतीविरुद्ध जसे संरक्षण आहे, तसा खासगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनाकारांनी ठेवलेला नाही.

त्या वाक्याची गरज नव्हती, आणि ते फार काळ टिकले. १९६२ च्या खडकसिंग खटल्यात, जेथे पोलीस रात्री-अपरात्री माणसाच्या दारात जाऊन त्याच्यावर पाळत ठेवत होते, तेथेही बहुमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क नसल्याचेच म्हटले. मधल्या काळात लहान न्यायपीठांनी हा हक्क अनेकदा मान्य केला, तरी आठ न्यायाधीशांचे ते वाक्य वर टांगलेले राहिले, आणि २०१५ साली आधारविरुद्धच्या याचिकांत केंद्र सरकारने तेच पुढे करून भारतीय नागरिकाला खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही, अशी भूमिका घेतली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क मान्य केला आणि जुने निकाल तेवढ्यापुरते रद्द केले, तेव्हा कंपन्यांच्या वह्यांवरून सुरू झालेल्या वादाची किंमत माणसांनी ६३ वर्षे मोजली होती. पुट्टस्वामी निकालाने हा हक्क मानवी प्रतिष्ठेवर उभा केला आहे. माणूस म्हणून जन्मल्यामुळे मिळणारा, राज्याने न दिलेला हक्क, असे त्याचे वर्णन तेथे येते. कंपनी मात्र राज्याने दिलेल्या नोंदणी प्रमाणपत्रापासूनच जन्मते.

अमेरिकेत हाच प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि तेथील उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. तंबाखू उद्योगातील मक्तेदारीच्या चौकशीतून निघालेल्या १९०६ च्या हेल विरुद्ध हेंकेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःविरुद्ध पुरावा न देण्याचा हक्क कंपनीला नाही, पण अवास्तव झडतीपासून संरक्षण तिलाही आहे. म्हणून तिचे एकूण एक कागद सरसकट मागता येणार नाहीत. १९५० च्या मॉर्टन सॉल्ट खटल्यात न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी त्याला मर्यादा घातली: खासगीपणाच्या बाबतीत कंपन्यांना माणसांची बरोबरी सांगता येत नाही, कारण समाजावर त्यांचा परिणाम सामुदायिक असतो आणि त्यांचे अस्तित्व शासनाने दिलेल्या सवलतीतून आलेले असते. १९७८ मध्ये कारखान्यातील सुरक्षा तपासणाऱ्या निरीक्षकालाही वॉरंट लागेल असे ठरले, तर १९८६ मध्ये मिशिगनमधील डाउ केमिकलच्या सुमारे २००० एकरांच्या कारखान्याची पर्यावरण खात्याने विमानातून काढलेली छायाचित्रे पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वैध ठरली.

या साऱ्या मालिकेत सर्वांत बोलका खटला २०११ चा आहे. अमेरिकी सरकारच्या निधीतून शाळा आणि ग्रंथालयांना दूरसंचार व इंटरनेट सेवा पुरवण्याच्या कार्यक्रमात एटी अँड टी ही कंपनी सहभागी होती, आणि २००४ मध्ये तिने स्वतःहून दूरसंचार आयोगाला कळवले की आपल्याकडून सरकारला जादा बिले गेली असावीत. चौकशी झाली, कंपनीने चूक कबूल न करता ५ लाख डॉलर भरले आणि प्रकरण मिटले. पुढच्या वर्षी तिच्या स्पर्धकांच्या संघटनेने माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली चौकशीचे कागद मागितले. आयोगाने दर आणि खर्चाचे आकडे व्यापारी गुपित म्हणून झाकले, कागदांत नावे असलेल्या कर्मचाऱ्यांचा आणि ग्राहकांचा खासगीपणा जपला, आणि उरलेले द्यायचे ठरवले. कंपनीने त्यावर आक्षेप घेतला. कायद्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत कंपनी येते, मग तपासाच्या कागदांतून ‘व्यक्तिगत खासगीपणा’चा अवाजवी भंग होऊ नये हा अपवाद कंपनीलाही लागू असलाच पाहिजे, असे तिचे म्हणणे होते, आणि अपील न्यायालयाने ते चक्क मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मार्च २०११ मध्ये आठ विरुद्ध शून्य मतांनी ते फिरवले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाचे सार असे, की नामाची व्याख्या कायद्याने केली म्हणून त्यावरून आलेल्या विशेषणाचा रोजचा अर्थ बदलत नाही आणि व्यक्तिगत म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे कंपनी येत नाही. कंपनीने हा निकाल ‘व्यक्तिगत’ घेऊ नये, अशी कोपरखळीही त्यांनी शेवटी मारली. विनोदापेक्षा महत्त्वाचे आहे ते आयोगाने आधीच केलेले वाटप. गुपिते झाकली, माणसे झाकली, त्यानंतर जे शिल्लक राहिले ते झाकण्यासाठी कंपनीपाशी बदनामीच्या भीतीखेरीज कोणते कारण होते, हे सांगणे अवघड आहे. मानवी हक्काचे नाव घेऊन मागितली जात होती ती अवघडलेपणातून सुटका.

युरोपचा कल कंपन्यांना जरा अधिक अनुकूल आहे. रस्तेबांधणीतील संगनमताच्या संशयावरून फ्रान्समध्ये १९८५ साली न्यायालयाच्या परवानगीशिवाय टाकलेल्या धाडींबाबत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले, की ‘घरा’चा आदर राखण्याच्या हक्कात काही परिस्थितीत कंपनीचे कार्यालयही येते. दक्षिण आफ्रिकेने त्याहून तोलून उत्तर दिले आहे. तेथील राज्यघटनाच सांगते की हक्काचे आणि संस्थेचे स्वरूप पाहून जितके लागू पडतील तितके हक्क संस्थेला मिळतात. आणि २००० सालच्या ह्युंदाई खटल्यात घटना न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की कंपनीला मानवी प्रतिष्ठा नसल्याने तिचा खासगीपणा माणसाइतका उत्कट कधीच असणार नाही, तरीही सरकारला तिच्या दारांतून हवे तेव्हा घुसता यावे असे नाही, कारण त्या दारांमागे माणसेच बसलेली असतात. ऑस्ट्रेलियात तर प्रश्न पोसम या प्राण्याच्या कत्तलखान्यापर्यंत गेला: चोरून केलेले चित्रीकरण दूरचित्रवाणीवर दाखवू नये, अशी मागणी टास्मानियातील मांस कंपनीने केली, आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘हाय कोर्ट’ या सर्वोच्च न्यायालयाने मनाई नाकारली.

भारतात पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणाचा आधार घेणाऱ्यांत बँका आघाडीवर होत्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये दोन वेगळे अपवाद आहेत: स्पर्धेत नुकसान होईल अशा व्यापारी गुपितांसाठी एक, आणि व्यक्तिगत माहितीसाठी दुसरा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला बँकांचे तपासणी अहवाल आणि मोठ्या थकबाकीदारांची माहिती द्यायला सांगितले. नियामकाने बँकांचे दोष पोटात घालावेत असे विश्वासाचे नाते त्यांच्यात नाही, असे तेव्हा ठरले. काही बँकांनी नंतर त्या निकालालाच आव्हान दिले आणि ग्राहकांचा खासगीपणा पुढे केला. सप्टेंबर २०२२ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी या याचिका ऐकण्यास संमती देताना २०१५ च्या निकालात खासगीपणाचा तोल पाहिला गेला नव्हता, असे निरीक्षण नोंदवले. ठेवीदाराच्या खात्याची माहिती खासगी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तपासणी अहवालात बहुतांशी असते ती बँकेच्या स्वतःच्या कारभाराची चिकित्सा, आणि ठेवीदाराच्या नावाने ती झाकली तर माहितीला मुकणारा पहिला माणूस ठेवीदारच असतो. सहकारी बँकांवरील निर्बंध आणि पैसे काढण्यासाठी लागलेल्या रांगा महाराष्ट्राने पुरेशा पाहिल्या आहेत.

निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात हा उसना खासगीपणा कळसाला पोहोचला. २०१८ च्या योजनेनुसार कोणाही भारतीय नागरिकाला किंवा कंपनीला स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे घेऊन पक्षांना देता येत होते, रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नसे आणि पक्षाला ते जाहीर करावे लागत नसे. त्याआधी २०१७ च्या वित्त कायद्याने कंपनी कायद्याच्या कलम १८२ मध्ये दोन बदल केले होते: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही देणगीची कमाल मर्यादा उठली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे नफातोटा पत्रकात दाखवण्याचे बंधन जाऊन एकूण रकमेचा आकडा तेवढा उरला. म्हणजे तोट्यातील कंपनीलाही अमर्याद देणगी देता येत होती आणि तिच्या भागधारकालाही ती कोणाला गेली ते कळत नव्हते. सरकारचा बचाव असा होता की देणगीदाराची राजकीय पसंती ही त्याची खासगी बाब असून ती उघड झाल्यास त्याच्यावर सूड उगवला जाऊ शकतो.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना रद्द केली. राजकीय मत ही खासगी बाब आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण हे संरक्षण खऱ्या राजकीय पाठिंब्यापोटी दिलेल्या देणगीला आहे, धोरणे वळवण्यासाठी दिलेल्या पैशाला नाही, असे सांगितले; छोट्या देणगीदारासाठी २० हजार रुपयांपर्यंतच्या देणग्या जाहीर न करण्याची तरतूद आधीपासून आहेच, याकडेही लक्ष वेधले. कंपन्यांची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यावसायिक व्यवहार असतो, मतदाराच्या पाठिंब्याशी तिची बरोबरी करता येत नाही, हे निकालातले सर्वांत स्पष्ट विधान. मार्चमध्ये कोणता रोखा कोणाकडे गेला हे सांगणारे क्रमांक जाहीर होण्याची वेळ आली, तेव्हा उद्योजकांच्या संघटनांनी ते थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली, पण त्यांचे ऐकले गेले नाही. १६ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या रोख्यांवर धरलेला पडदा मतदाराच्या खासगीपणाचे नाव सांगत होता, आणि त्यातील बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली होती.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही सीमा वरवर पाहता नीट आखली आहे. ज्याच्या डेटाला संरक्षण मिळते तो केवळ माणूस. कंपनीकडे येते ती डेटा सांभाळण्याची जबाबदारी, आणि त्यात कुचराई केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड. परंतु याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीचा अपवाद बदलला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी त्या अपवादात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणाचा अवाजवी भंग करणारी माहितीच येत असे आणि व्यापक जनहिताची कसोटी तिथेच लिहिलेली होती. आता व्यक्तिगत माहिती एवढेच शब्द उरले असून जनहिताचा विचार कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमावर सोपवला आहे. कंपनीच्या व्यवहारात माणसाचे नाव नसते असे क्वचितच घडते: संचालकाची सही असते, अभियंत्याचा शेरा असतो, लेखापरीक्षकाचे नाव असते. जनमाहिती अधिकाऱ्याला ही नावे झाकून बाकी कागद देता येतो, तशी सोय कलम १० मध्ये आहेच. पण अख्खा कागद नाकारणे त्याला अधिक सोपे असते. आणि एखाद्या जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा ठेकेदार प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर त्याच्या बिलाची चर्चा व्यापारी गुपिताच्या अपवादाखाली होईल, जिथे जनहिताची कसोटी शब्दशः शाबूत आहे, तर तोच ठेकेदार स्वतःच्या नावाने एकल मालकीचा धंदा करत असेल तर तेच बिल, तोच रस्ता आणि तेच सरकारी पैसे व्यक्तिगत माहिती म्हणून फाइलबंद होऊ शकतील.